पित्त मोजून घेतलं त्याची गोष्ट

१९७८ साली मी लीड्सला कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकत होतो. रात्री दोनच्या सुमारास पोटात आग पडायची, दूध-बिस्कीट खाल्लं की विझायची. तपासणीत ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या तोंडाशी जखम, निघाला. जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या सिमेटिडिनच्या गोळ्या तेव्हा नव्याच आल्या होत्या. घेतोय तोवर बरं, सोडल्या की पहिले पाढे पंचावन्न. शेवटी सर्जन म्हणाले, जठराला आम्ल सोडायला लावणारे मज्जातंतू कापू. पण आधी आम्ल मोजून ठेवू, म्हणजे नंतर किती घटलं ते कळेल.

गोळ्या काही दिवस आधीच बंद केल्या. आदल्या रात्रीपासून उपाशी. नाकातून नळी सरकवताना सिस्टर ‘गिळा, गिळा’ म्हणत होती. डोळ्यांत पाणी आलं, पण नळी लवकर उतरली. आणि एकदा उतरल्यावर हुकूम उलटा: आता काही गिळायचं नाही! लाळ पोटात गेली की हिशेब चुकतो. दोन तास डाव्या कुशीवर, तोंडाशी थुंकायचं भांडं. नळीपेक्षा मला त्याचाच वैताग आला. माणूस किती वेळा आवंढा गिळतो, ते बंदी आल्यावर कळतं.

पहिला तास नुसताच. दर १५ मिनिटांनी ओढून घेतलेला रस एकेका बाटलीत. मग दंडात, कातडीखाली, आम्ल वाढवणाऱ्या पेंटागॅस्ट्रिनचं इंजेक्शन. मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. मी ५५ किलोचा, म्हणजे ३३०. जी आग विझवायला इतके दिवस धडपडत होतो, तीच आता मुद्दाम भडकवायची!

हे औषध आयसीआय कंपनीचं, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या रंगांच्या डब्यांवरही तेच नाव. तरुण डॉक्टर बोलका होता. पलीकडच्या लिव्हरपूलला ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून गॅस्ट्रिन, म्हणजे आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक, वेगळं काढलं, १९६४ मध्ये त्याची रचना उलगडली. सगळी करामत त्याच्या शेवटच्या चार अमिनो आम्लांत आहे, तेवढंच शेपूट या औषधात घेतलंय, असं त्यानं सांगितलं. त्याआधी याच कामासाठी हिस्टामिन टोचत, आणि त्याचा बाकीच्या शरीराला त्रास होऊ नये म्हणून आधी अँटिहिस्टामिन. माझं त्या मानानं स्वस्तात निभावलं. चेहरा तापला, मळमळलं, पोटात एक पीळ आला नि गेला. बाटल्या मात्र भराभर भरू लागल्या.

पुढे त्या बाटल्यांचं सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं अल्क घालून आम्ल मोजणं. ते तर माझं रोजचंच काम. मी करून देतो म्हटलं, तर सगळे हसले. आकडे आले: आधीच्या तासात ५ मिलिमोल आम्ल, इंजेक्शननंतरच्या तासात ४२. ऑपरेशनची तारीख मिळाली.

आईला पत्रात एवढंच लिहिलं, ‘इथे माझं पित्त मोजून घेतलं.’ तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘मोजलं ते ठीक. उतरलं का?’