रात्री किती माणसं असतात, ते विचारा

गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी काढून सोलापूरला आलेय आणि जो तो विचारतोय, इंग्लंडमध्ये केअर होममध्ये कामाला कसं यायचं. ते आधी सांगून टाकते, २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन केअर वर्करना तिकडचा व्हिसा देणं बंद झालंय, त्यामुळं कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

मला लिहायचंय ते वेगळंच. माझी आत्या ७९ वर्षांची, जुळे सोलापुरात एकटी राहते, दोन्ही पोरं पुण्यात. आता वृद्धाश्रम बघायचं चाललंय आणि सगळे मला म्हणतायत, तू तेच काम करतीस ना, मग सांग काय बघायचं. बाग आहे का, टीव्ही आहे का, ज्वारीची भाकरी मिळते का हे सगळे बघतातच. मी पहिल्यांदा विचारते, रात्री किती माणसं असतात?

तिकडं पहिल्या नोकरीत ३८ आजी-आजोबांना रात्री आम्ही दोघीच होतो. ज्याला उठता येत नाही त्याला हॉइस्टनं उचलतात, म्हणजे अंगाखाली झोळी घालून मशिननं, आणि त्याला दोन माणसं लागतातच. म्हणजे आम्ही दोघी एका खोलीत शिरलो की बाकीच्या ३७ जणांकडं बघायला कुणीच नाही. कुशी बदलायच्या, नाहीतर पाठीला जखमा होतात, डायपर बदलायचे, आणि बेल वाजतच राहणार. एका रात्री अशीच बेल वाजत होती, आम्ही पोचेपर्यंत त्या आजी स्वतःच उठून बाथरूमच्या दारात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. परत चालल्या नाहीत त्या. रिपोर्टमध्ये काय आलं, तर बेलला उशीर झाला आणि आमची दोघींची नावं. दोघीच का होतो, ते एका ओळीतही नाही.

तिथं केअर क्वालिटी कमिशन म्हणून सरकारी तपासणी संस्था आहे, ती होम सुरक्षित आहे का, चालवणारे नीट चालवतात का हे बघून शेरा देते. पण कायदा म्हणतो पुरेशी, शिकलेली माणसं ठेवा, आकडा कुठंच नाही. पुरेशी म्हणजे किती ते होम चालवणाराच ठरवणार. आमच्याकडं एका वर्षात तीन मॅनेजर बदलले, नवीन आला की फायली लावायचा आणि निघून जायचा, आणि माणूस कमी पडलं की एजन्सीचं एका रात्रीपुरतं यायचं, त्याला बिचाऱ्याला हेसुद्धा माहीत नसायचं की कुठल्या आजोबांना पाणी घट्ट करूनच द्यायचं, नाहीतर ठसका लागून जीवावर बेततं.

आम्ही बोललो का नाही? व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर असतो. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर परत. घरी कर्ज होतं. मी गप्प बसले आणि ते मला अजून टोचतं.

चौथ्या मॅनेजर बाई आल्या त्यांनी आधी आठवडाभर स्वतः रात्रपाळी केली. महिन्याभरात रात्रीला तिसरं माणूस मिळालं.

परवा आत्याला घेऊन इथं एक ठिकाण बघितलं. खोल्या स्वच्छ, माणसं गोड बोलणारी. रात्रीचं विचारलं तर म्हणाले, एक मामा असतोय की. २६ जणांना एक. मी त्या मामांनाच जाऊन विचारलं, ते सकाळी बाजार पण आणतात, मग झोपता कधी? म्हणाले, कुणी हाक मारली नाही की टेकतो जरा. बाथरूममध्ये धरायला दांडी नाही, फरशी गुळगुळीत.

ऑफिसात सांगून आलेय, दांडी बसवा आणि रात्री अजून एक माणूस ठेवा, पैसे थोडे वाढले तरी देऊ. बघतो म्हणालेत. मी रविवारी परत चाललेय, पण पुढच्या शनिवारी माझा आत्येभाऊ रात्री दहा वाजता न सांगता तिथं जाणार आहे, तोपर्यंत आत्या घरीच आणि रात्रीला शेजारच्या काकू सोबतीला.