तुम्ही विचारलंत म्हणून: बंद पडलेल्या बोटींवर एवढा जीव का?

नात्यात कुणी क्रूझचं बुकिंग करायला घेतलं की मला फोन येतो, बोटींचं वेड मला आहे हे सगळ्यांना माहितीये, आणि केबिन कुठली घेऊ, बोट लागेल का असं बोलता बोलता हा प्रश्न हमखास येतो. "अहो, आताच्या क्रूझवर वॉटरपार्क आहे, थिएटर आहे, चक्क बर्फावरचं स्केटिंग आहे, आणि तुम्ही त्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोतल्या बोटींमध्ये एवढं काय बघता?" फोनवर मी "त्यांची शानच वेगळी होती" एवढंच म्हणतो आणि विषय तिथे संपतो. पण ते उत्तर अर्धवट आहे, शान हा त्यातला अगदी लहान भाग आहे, म्हणून आज नीट बसून लिहितो.

आधी एक सांगतो, क्रूझ शिप ही ओशन लायनरची, म्हणजे त्या जुन्या फोटोतल्या बोटींची, नवी आवृत्ती नाहीये. लायनर म्हणजे ठरलेल्या लाइनवर धावणारी बोट, या बंदरातून सुटायचं आणि ठरलेल्या दिवशी त्या बंदराला लागायचं, माणसं आणि टपालाच्या थैल्या घेऊन, मधला समुद्र कसाही असो. टायटॅनिकच्या नावाआधी जे आरएमएस लागतं ना, ते रॉयल मेल शिप, म्हणजे सरळसरळ टपालाची बोट. आपल्याकडे लायनर हा शब्द फारसा रुळला नाही, पण एक लायनर प्रत्येक मराठी मुलाला शाळेपासून माहिती असते. १९१० साली मार्सेलिसला सावरकरांनी जिच्यातून समुद्रात उडी मारली ती 'मोरिया', ती पी अँड ओ कंपनीची अशीच टपाल आणि प्रवासी नेणारी लायनर होती.

क्रूझ शिपचं काम अगदी वेगळं. ती जिथून सुटते बहुतेक वेळा तिथेच परत येते, वादळ दिसलं तर वाट बदलते, एखादं बंदर गाळते, आणि तेच बरोबर आहे, लोक सुट्टीवर आलेत. लायनरला ती सोय नव्हती. उत्तर अटलांटिक भर जानेवारीतही ओलांडायचाच होता, कारण पलीकडे लोक वाट बघत होते आणि पोचण्याचा दुसरा मार्गच नव्हता. मला त्या बोटींचं जे जे आवडतं ते सगळं शेवटी या एका गोष्टीशी येऊन थांबतं, की त्यांना पोचायचं होतं.

आता हे आकारात कसं उतरतं बघा. २०२४ मध्ये आलेली आयकॉन ऑफ द सीज ही क्रूझ शिप २,४८,६६३ ग्रॉस टनांची आहे आणि १९३६ ची क्वीन मेरी ही लायनर साधारण ८१ हजारांची. (हे टन वजनाचे नसतात बरं का, बोटीच्या आत जागा किती त्याचं ते माप आहे.) म्हणजे नव्या बोटीत तिप्पट जागा. पण लांबी बघितली तर आयकॉन ३६५ मीटर आणि क्वीन मेरी ३११, फरक जेमतेम ५४ मीटरचा! मग ती जागा आली कुठून, तर रुंदी वाढवून आणि मजल्यावर मजले चढवून, वीस डेक आहेत तिला. आणि पाण्याखाली बरोबर उलटं आहे, क्वीन मेरी जवळजवळ १२ मीटर खोल बसायची आणि आयकॉन नऊच्या थोडी पुढे, कारण आयकॉनला लहान बेटांच्या उथळ बंदरात शिरायचं असतं आणि क्वीन मेरीला लाटांमध्ये घट्ट बसायचं होतं.

म्हणून लायनर अशी दिसते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सुरीसारखी निमुळती, तिच्या मागे लांबच्या लांब मोकळा डेक, म्हणजे पुढून आलेली लाट तिथे आपटून बाजूने वाहून जाईल आणि माणसांच्या खोल्यांपर्यंत पोचायच्या आत तिचा जोर मोडेल, मग पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाणारे पांढरे मजले, वर मागे झुकलेली धुरांडी. ही रेषा कुणी सुंदर दिसावी म्हणून आधी काढली नव्हती, समुद्राने ती तशी काढायला लावली आणि मग चांगल्या डिझायनरांनी तिच्यात सौंदर्य आणलं. क्रूझ शिप बाहेरून हॉटेलसारखी दिसते कारण ती आतून बाहेर आखलेली असते, बाल्कनीची खोली जास्त पैशाला जाते म्हणून जास्तीत जास्त बाल्कन्या, आणि बाल्कन्या रचत गेलं की ठोकळाच होणार. मी हे नावं ठेवायला म्हणत नाहीये, तिच्या कामासाठी तो आकार बरोबरच आहे. फक्त बंदरात अशी बोट बघून माझ्या पोटात काही हलत नाही आणि क्वीन मेरीचा साधा फोटो बघूनसुद्धा हलतं.

क्वीन मेरी मी प्रत्यक्ष बघितली आहे. १९६७ पासून ती कॅलिफोर्नियात लाँग बीचला कायमची बांधून ठेवलेली आहे, आत हॉटेल आहे, आणि मी एक रात्र तिच्यात राहिलो. त्या रात्रीबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो. भिंतींना लाकडाची पॅनल्स, आणि संपूर्ण बोटीत पन्नासहून जास्त जातींची लाकडं वापरलीयेत. बाथटबवर चार नळ बघून मी आधी गोंधळलोच, मग कळलं की गरम खारं, थंड खारं, गरम गोडं आणि थंड गोडं अशी ती चार पाणी आहेत, कारण समुद्रावर गोडं पाणी जपून वापरायचं म्हणून आंघोळीला खारंही दिलेलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं की समोरची जमीन चढत जाताना दिसते, खरोखर चढत जाते, कारण जुन्या बोटींचा डेक मधे खाली आणि दोन्ही टोकांना वर असा बाक दिलेला असायचा. मी त्या कॉरिडॉरमध्ये रात्री उगाचच तीनदा चालत गेलो. बोट बांधलेली होती, पाणी स्थिर होतं, तरी पायांना कळत होतं की आपण समुद्रासाठी केलेल्या वस्तूत उभे आहोत.

आणि तळाशी प्रोपेलर. चार होते, प्रत्येकी ३२ टनांचे, त्यातला एकच आता जागेवर आहे, त्याच्याभोवती बोटीच्या बाहेरून एक मोठी पेटी बांधलीये आणि त्यात शिरून तुम्ही वरून वाकून पाण्यातला तो पंखा बघू शकता. हिरवट पाण्यात, दिव्याच्या उजेडात, न हलणारा. मी तिथे किती वेळ उभा होतो मला आठवत नाही.

पण माझी सर्वात आवडती वस्तू वरच्या फर्स्ट क्लासच्या डायनिंग रूममध्ये आहे. भिंतभर अटलांटिकचा नकाशा, त्यावर दोन वाटा, हिवाळा-वसंतातली दक्षिणेकडची, कारण त्या दिवसांत हिमनग खाली येतात, आणि उन्हाळ्यातली उत्तरेकडची. आणि त्या वाटेवर क्रिस्टलची छोटीशी बोट, जी प्रवास चालू असताना रोज पुढे पुढे सरकायची. जेवायला बसलेल्या माणसाला मान वर केली की कळायचं आपण आता कुठे आहोत, किती आलो, किती राहिलं. विमानात सीटच्या मागे जो नकाशा दिसतो त्याची ही कितीतरी देखणी आजी म्हणा. अशी वस्तू फक्त पोचायला निघालेल्या बोटीवरच सुचू शकते.

वेळेचंही तसंच. पश्चिमेला न्यूयॉर्ककडे जाताना घड्याळं टप्प्याटप्प्याने मागे केली जायची, पाच तासांचा फरक प्रवासभर वाटून, म्हणजे मधले काही दिवस चक्क पंचवीस तासांचे. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही दुसऱ्या खंडाच्या वेळेवर आलेले असता. विमानातून उतरून चार दिवस डोकं जड घेऊन फिरलेल्या कुणालाही याचं मोल कळेल.

आता, हे सगळं गोड गोड नव्हतं आणि ते सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. पहिली गोष्ट म्हणजे या बोटी हलायच्या, जबरदस्त हलायच्या, क्वीन मेरीला डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर १९५८ मध्ये बसले, म्हणजे तोवर बावीस वर्षं लोकांनी बोट लागणं सोसलं. १९४२ च्या डिसेंबरात ती हजारो सैनिक घेऊन जात असताना एका लाटेने ती जवळजवळ ५२ अंश कलली, अजून थोडी कलली असती तर उलटीच झाली असती. (पुढच्याच वर्षी तिने एका फेरीत १६,६८३ माणसं नेली, एका बोटीवर एका वेळी एवढी माणसं हा आजही विक्रम आहे.) आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट, ती नकाशाची भिंत आणि ते झुंबरं-गालिचे थोड्या लोकांसाठी होते. खाली स्टीअरेजमध्ये, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या वर्गात, कुटुंबंच्या कुटुंबं दाटीवाटीने जायची, सगळं घरदार विकून, परत यायचं तिकीट न काढता. न्यूयॉर्क बंदरातल्या एकट्या एलिस आयलंड या तपासणी केंद्रावरून १८९२ ते १९५४ मध्ये साधारण १ कोटी २० लाख माणसं अमेरिकेत शिरली. कंपन्यांचा धंदाही बराचसा याच लोकांवर चालायचा, म्हणून तर १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळजवळ लावून घेतल्यावर कंपन्यांना तीच खालची जागा रंगरंगोटी करून 'टुरिस्ट थर्ड' म्हणून विकावी लागली. मला लायनर आवडतात त्यात ही खालची माणसंही आहेत, किंबहुना तीच आधी आहेत. डेकवर उभं राहून पहिल्यांदा तो किनारा बघणाऱ्या माणसाला जे वाटलं असेल ते कुठल्याही वॉटरपार्कवर वाटणार नाही.

मी क्रूझही केलीये, एकदा, घरच्यांबरोबर, आणि चांगली झाली. वयस्कर माणसांना सामान न हलवता चार गावं बघायला मिळाली, मुलं खूश होती, बोट अजिबात लागली नाही. पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी समुद्र बघितलाच नाहीये. सगळ्या खुर्च्या आतल्या तलावाकडे तोंड करून, दुकानांचा रस्ता बोटीच्या पोटात. समुद्र बघायला मला मुद्दाम एक दार शोधून बाहेर जावं लागलं, आणि तिथे मी एकटाच होतो.

सगळ्यात सुंदर लायनर कुठली म्हणाल तर माझं उत्तर नॉर्मंडी, १९३५ ची फ्रेंच बोट, आणि तिची गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. रशियातून परागंदा झालेल्या युर्केविच नावाच्या इंजिनिअरने तिचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं धड, आखला. डायनिंग रूम ९० मीटरपेक्षा लांब, तिला बाहेरचा उजेड नाही, सगळा प्रकाश लालिक या फ्रेंच काच-कलावंताच्या दिव्यांतून. तीन धुरांडी, त्यातलं तिसरं नुसतं दिसायला. युद्धात अमेरिकेने ती सैन्याच्या वाहतुकीसाठी ताब्यात घेतली, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर बदल चालू असताना ९ फेब्रुवारी १९४२ ला धातू कापताना उडालेल्या ठिणगीने लाइफ जॅकेटच्या ढिगाने पेट घेतला, आग विझवायला वरच्या डेकवर इतकं पाणी मारलं की त्या पाण्याच्या वजनाने ती कलली आणि रात्री आडवी झाली. युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता, खालचे व्हॉल्व्ह उघडून तिला सरळ तळावर बसू द्या असं सांगायला तो धक्क्यावर आला होता, त्याला आत सोडलं नाही.

बाकीच्यांना विमानाने संपवलं. १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली, पाच दिवसांचं काम काही तासांत, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत लाइन जवळजवळ उरलीच नाही. १९६२ ची 'फ्रान्स' नावाची लायनर पुढे 'नॉर्वे' नावाने क्रूझ झाली आणि शेवटी आपल्या गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली. 'युनायटेड स्टेट्स' नावाच्या अमेरिकन लायनरने १९५२ च्या पहिल्याच फेरीत ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला होता, सरासरी ताशी ६६ किलोमीटर, एवढ्या अजस्र बोटीने! १९६९ मध्ये ती थांबली, अनेक वर्षं फिलाडेल्फियाला गंजत उभी होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिला ओढून नेलं, फ्लोरिडाजवळ बुडवून माशांसाठी कृत्रिम रीफ करायला. तो ओढून नेतानाचा व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही.

एक मात्र अजून चालते. २००४ ची क्वीन मेरी २, साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क. ती खरी लायनर आहे, पुढे लांब डेक, खोल बसणारी, जाड पोलादाची, लाइफबोटी नेहमीच्या नियमापेक्षा खास परवानगीने वर टांगलेल्या, कारण अटलांटिकची लाट तिथवर पोचू नये. आणि तिच्या धुरांड्यावरचा एक भोंगा जुन्या क्वीन मेरीचा आहे, १९३० च्या दशकातला, लाँग बीचहून उसना आणलेला, मैलोन्मैल ऐकू जातो. २००६ मध्ये ती लाँग बीचला गेली होती तेव्हा दोघींनी एकमेकींना भोंगे दिले होते.

तर तुमचं क्रूझचं बुकिंग करा, खुशाल करा, केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. माझे पैसे मी क्वीन मेरी २ साठी साठवतोय, आणि तेही पश्चिमेला जाणाऱ्या फेरीचे, पंचवीस तासांच्या दिवसांसाठी.