कोंबडीला भाकरी टाकायची नाही!

इंग्लंडमध्ये घरामागे कोंबड्या पाळल्या तर त्यांना स्वयंपाकघरातलं काहीही घालता येत नाही. शिळी भाकरी नाही, उरलेला भात नाही, मेथीच्या काड्या नाहीत, काकडीचं सालसुद्धा नाही. हा कुणाचा सल्ला नाही, कायदा आहे. मी इथंच राहते, आमच्या शेजारच्या आजींकडे कितीतरी वर्षांपासून कोंबड्या आहेत. मी पाळायचं ठरवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी हेच सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं, मग सरकारी संकेतस्थळावर जाऊन वाचलं, आणि मला खरोखर राग आला.

राग का आला हे आमच्या लातूरकडच्या औसा तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे कोंबडीसाठी विकतचं खाद्य आणायचं हे कुणाच्या मनातही येत नाही. ताटात उरलेलं, सुपातून पाखडलेल्या कण्या, खळ्यावर सांडलेली ज्वारी आणि उकिरड्यातले किडे यांवर ती जगते, वर अंडी देते. आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च मायनं अंड्यांच्या पैशातून भागवला. तो पैसा तिचा होता, घरात कुणी त्याचा हिशोब मागायचं नाही. जे फेकायचं त्यातून घरात चार पैसे आणणारा हा प्राणी, आणि इथं त्यालाच भाकरी घालणं बेकायदा!

मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काय की बाई. कोंबडीला उष्टं घालायचं नाही, तर मग टाकायचं कुठं? अन्न कचऱ्यात टाकत्यात व्हय तिकडं?"

टाकतात. माझा हात अजूनही धजत नाही.

हा नियम किती बारकाईचा आहे ते बघा. माझ्या वाफ्यात पालक आहे. तो उपटून तसाच कोंबड्यांच्या जाळीत टाकला तर चालतं. तीच जुडी घरात नेऊन ओट्यावर ठेवली, निवडली, आणि पिवळी पानं बाजूला काढली, की ती पानं कोंबड्यांना चालत नाहीत. कारण माझ्या ओट्यावर दूध येतं, तूप येतं, रविवारी मटण येतं. ज्या घरात प्राण्यापासून आलेलं काहीच शिरत नाही, दूध आणि तूपसुद्धा नाही, त्यांनाच सूट आहे. लातूरची शुद्ध शाकाहारी माळकरी बाईसुद्धा या कसोटीला उतरणार नाही, तिच्या घरात ताक असतंच! म्हणून मी भाजी बाहेरच निवडते. कात्री, परडी, पाण्याची बादली, सगळं शेडमध्ये ठेवलंय. नवरा म्हणतो एवढं कोण बघायला येणार आहे. कुणी येत नाही हे खरं. पण परक्या देशात राहायचं, तर त्यांचा नियम कुणी बघत नसतानाही पाळायचा, असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

नियमामागचं कारण मी शोधून काढलं. २००१ साली या देशात लाळ्या-खुरकूत पसरला. नॉर्थम्बरलंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल या गावातल्या एका वराहपालकानं डुकरांना हॉटेलचं खरकटं न उकळता घातलं, तिथून साथ सुरू झाली असं चौकशीत निघालं. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या वर्षीची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा जूनपर्यंत लांबली. लाळ्या-खुरकूत आपल्याला नवा नाही. बैलाच्या तोंडातून लोंबणारी लाळ आणि पेरणीच्या तोंडावर गोठ्यात बसून राहिलेली जोडी मी लहानपणी पाहिली आहे. पण आपल्याकडे त्यासाठी साठ लाख जनावरं कुणी मारली नसती. इथं मारली, आणि त्या धक्क्यातून हा कायदा इतका कडक झाला.

मी आजींशी वाद घातला. कोंबडीला खूर नाहीत, तिला लाळ्या-खुरकूत होतच नाही, मग तिच्या तोंडचा घास का काढता? त्या शांतपणे म्हणाल्या, "कच्च्या कोंबडीच्या मांसातून कोंबडीचे रोग जातात की नाही?" जातात. बर्ड फ्लू जातो आणि आपली मानमोडीही जाते. या मानमोडीचा विषाणू १९२६ च्या साथीनंतर हेडनच्या शेजारच्या न्यूकॅसल शहराच्या नावानंच नोंदला गेला, आपले डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात. ज्या ओट्यावर कच्चं चिकन धुतलं त्याच ओट्यावरच्या साली कोंबडीपुढं टाकणं धोक्याचं, हे मला पटलं. भाकरीचं मात्र अजून पटलेलं नाही. तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीत कसला विषाणू राहणार?

खुराड्याबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं होतं, म्हणून लिहिते. गावी भिंतीलगत दगड-मातीचं खुराडं असतं, नाहीतर रात्री डालग्याखाली झाकायचं आणि वर दगड ठेवायचा. तिकडं मुंगूस, रानमांजर आणि घार. इथं कोल्हा, तोही शहराच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांमधून बिनधास्त फिरणारा. षटकोनी भोकांची साधी जाळी तो दातांनी फाडतो, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावावी लागते आणि ती जमिनीवर बाहेरच्या बाजूला हातभर पसरून दाबून टाकावी लागते. कोल्हा कडेला उकरायला लागला की पंजा जाळीवर येतो. लाकडी घर विटांवर उचललेलं, आत झोपायला आडव्या काठ्या, अंडी घालायची पेटी काठीपेक्षा खाली. कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते. पेटी वर असली तर ती तिच्यातच झोपते आणि अंडी घाण होतात.

थंडीची मला फार भीती होती. पण कोंबडीला थंडीपेक्षा ओल मारते. छताखाली वाऱ्याला वाट ठेवली की तिच्या श्वासाची वाफ बाहेर जाते, नाहीतर तुऱ्याची टोकं गारठून काळी पडतात. आपल्याकडे सगळा जीव उन्हाळ्यात खर्ची पडतो. मे महिन्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, माय माठाखालच्या ओल्या मातीत त्यांना बसू द्यायची. इथला त्रास अंधाराचा. डिसेंबरात दिवस साडेसात-आठ तासांचा होतो आणि कोंबडीला अंडी देत राहायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. लातूरला थंडीतला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा, तिथं हा प्रश्न एवढा जाणवत नाही. बरेच लोक आत दिवा लावतात. मी लावत नाही. पिसं झडून नवी येण्याचे ते दिवस असतात, तिला विसावा मिळू दे.

लाकडी घराचा मोठा शत्रू म्हणजे तांबडे माइट, गोचिडीसारखे पण अगदी बारीक जीव. दिवसा सांध्यांत लपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात. अंधार पडल्यावर काठीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद फिरवला की त्यावर रक्ताची रेघ उमटते. दुकानात त्यासाठी महागड्या पावडरी मिळतात. मी शेगडीतली लाकडाची राख कोरड्या मातीत मिसळून मोठ्या घमेल्यात ठेवली. आमच्या गावात कोंबड्या चुलीच्या राखेत लोळतात तेव्हा हाच उद्योग चाललेला असतो. आजी ते बघून म्हणाल्या, हे तू कुठं शिकलीस? मी अभिमानानं सांगितलं, माझ्या आईकडून.

माझ्या कोंबड्या अंड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आहेत. साधारण सव्वा-दीड वर्षाच्या झाल्या, अंडी थोडी कमी झाली की कारखाने कोंबड्या काढून टाकतात. त्या कत्तलखान्यात जाण्याआधी उचलून घरोघरी देणाऱ्या संस्था इथं आहेत. या देशाबद्दल मला मनापासून आदर वाटला तो इथं. पोरंबाळं असलेले लोक खोकी घेऊन रांगेत उभे होते, अर्ध्या पिसांच्या, कुणाच्या कामाच्या नसलेल्या कोंबड्यांसाठी. अर्थात त्यांना कारखान्यातल्या पिंजऱ्यांत कोंडणारेही याच देशातले लोक, आणि साधे पिंजरे २०१२ साली बंद झाले तरी सुधारित पिंजरे अजून चालू आहेत. त्यात एका कोंबडीच्या वाट्याला ७५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे वहीच्या मोठ्या पानाहून जराशी जास्त. माझ्या कोंबडीनं पहिल्यांदा गवतावर पाय ठेवला तेव्हा तो लगेच वर उचलला, पोटाशी धरून ठेवला आणि बराच वेळ एका पायावर उभी राहिली. आपली गावरान कोंबडी कितीही दुबळी असली तरी तिला माती ओळखायला शिकवावं लागत नाही.

दादा विचारतो, तिकडं जाऊन कोंबड्याच पाळायच्या होत्या, तर गावात काय कमी होतं? खाद्याचा हिशोब केला तर अंडं दुकानापेक्षा महाग पडतं, हेही तो ऐकवतो. पडू दे. माझ्या पोरांना अंडं कुठून येतं हे दिसतं, आणि सकाळी दार उघडलं की मला कुणीतरी हाक मारतं. एवढ्यासाठी मी ते पैसे खर्च करते.

आता गावाकडच्यांसाठी, विशेषतः वहिनीसाठी. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत इंग्लंडमध्ये बर्ड फ्लूमुळे सगळ्या कोंबड्या बंदिस्त ठेवायचा हुकूम होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते. तुम्हाला हे अति वाटेल. पण जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात काय झालं ते आठवा. शेकड्यांनी कोंबड्या दगावल्या, बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या धडधाकट कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. ज्या बाईचा संसार त्या अंड्यांवर होता तिचं काय झालं असेल?

म्हणून वहिनी, भाकरी खुशाल टाक, कण्या टाक, भात टाक. पण आखाडात घरोघरी कोंबडं कापलं की पिसं, आतडी आणि धुतलेलं पाणी उकिरड्यावर जातं, आणि आपल्या कोंबड्या तिथंच चोच मारतात. मानमोडी दरवर्षी येते तिचा एक रस्ता हा आहे. ते सगळं खड्ड्यात पुर, वर माती लोट. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेव, लगेच घरच्यांत सोडू नकोस. पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब डोळ्यात पडायला हवा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. एका बाटलीत बऱ्याच पिल्लांची लस असते आणि फोडल्यावर ती लगेच वापरावी लागते, म्हणून गल्लीतल्या चौघीजणी मिळून एकाच दिवशी करा. बाटली बर्फातच आणायची. औशाहून एसटीनं येताना उन्हात पिशवी मांडीवर घेऊन बसू नकोस, थर्मास ने.