एका कागदासाठी अकरा महिने: भयकादंबरीवर चित्रपट करताना आलेला माझा अनुभव

आधी महत्त्वाचं सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. कादंबरीवर चित्रपट करायचा असेल तर पटकथेचं पहिलं पान लिहायच्या आधी लेखक-प्रकाशकाचा मूळ करारनामा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मी गेलो आणि अडकलो. आजही प्रकाशकांच्या ऑफिसच्या जिन्यासमोरून गाडी नेताना माझं डोकं तापतं.

कादंबरी सत्तरच्या दशकातली. लेखक आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, 1991 मध्ये वारले. घरच्यांची तशी इच्छा आहे म्हणून त्यांचं आणि पुस्तकाचं नाव देत नाही. गोष्ट अशी, की दुष्काळात गावातल्या जनावरांचं दूध आटतं आणि देवऋषी एका विधवेकडे बोट दाखवतो. सगळं आपल्याला सांगतो तो तिचा दीर. त्याला रात्री गोठ्यात जे दिसतं ते खरं की त्याच्या डोक्यातलं, हे लेखकाने शेवटपर्यंत उघड केलेलं नाही. पुस्तक आलं तेव्हा गावाला वाटलं, हा आपल्या देवीची बदनामी करतोय. वाचनालयातून प्रती काढायला लावल्या, लेखकाच्या दारात शेण टाकलं. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. मला ती आजोळी सापडली, कव्हर नसलेली, पहिली चार पानं वाळवीने खाल्लेली. एका रात्रीत वाचली आणि ठरवलं, हे पडद्यावर आणायचं.

2024 च्या संक्रांतीनंतर मी प्रकाशकांकडे गेलो. इथलंच जुनं ऑफिस, लाकडी जिना, वर एक कारकून काका आणि कपाटांमागे मालकांची केबिन. मालक गोड बोलले. हक्क आमच्याकडेच आहेत, ना-हरकत पत्र देऊ, काळजी करू नका. मी पेढे घेऊन गेलो होतो, ते त्यांनी सगळ्यांना वाटले. मी आनंदाने घरी आलो आणि पटकथेला बसलो. ही माझी चूक नंबर एक.

त्यानंतर मी डायरीत फेऱ्या लिहायला लागलो, कारण घरी कुणाला पटत नव्हतं. एकूण एकोणीस झाल्या. "मालक पुण्याला गेल्यात, सोमवारी या." "आज ऑडिटवाले आल्यात." "फाईल माळ्यावर हाय, शिडी मोडल्या." मी म्हटलं शिडी मी आणतो. तर, "माळ्यावर बाहेरच्या माणसाला सोडत न्हाई." जूनमध्ये काका म्हणाले, पाऊस उघडू दे, माळ्यावर कौलं गळत्यात, कागद भिजले तर जबाबदार कोण? काकांवर माझा राग नाही, ते पगारी माणूस. पण मालक केबिनमध्ये असायचे. काचेतून त्यांची चप्पल दिसायची.

एप्रिलमध्ये एकदा भेटले तेव्हा भाषा बदलली होती. पत्र देऊ, पण आधी दीड लाख आणि उत्पन्नात वाटा. मी म्हटलं, साहेब, एकदा करार दाखवा, मग बोलू. म्हणाले, "पुस्तकात छापलंय की, अजून काय दाखवायचं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. दोन मित्रांचे आणि बायकोच्या भिशीचे पैसे घेऊन मी हे उभं करत होतो. दीड लाखात माझं आठ दिवसांचं शूटिंग झालं असतं.

पाच महिने मी सगळं तोंडी बोलत राहिलो. ओळखीतल्या वकिलांनी ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोच कुठाय?" माझ्याकडे एका ओळीचीही नव्हती. मग दोन प्रतींत पत्र लिहिलं: अमुक पुस्तकाच्या चित्रपट हक्कांबाबत आपल्याकडे असलेल्या कराराची प्रत पंधरा दिवसांत द्यावी. ते हातात द्यायला गेलो तर काका म्हणाले, शिक्का मालकांच्या ड्रॉवरात हाय. तसाच खाली उतरलो आणि ते पत्र पोचपावतीसह पोस्टाने पाठवलं. हे जानेवारीत केलं असतं तर उन्हाळ्यातच शूटिंग झालं असतं. म्हणून सांगतो, गोड बोलणाऱ्याकडे पहिल्याच दिवशी लेखी मागा. त्यात त्याचा अपमान नाही.

पत्र गेलं, पंधरा दिवसही गेले, दुसरं पत्र गेलं. गणपती उठल्यावर बोलावणं आलं. करार माळ्यावर नव्हताच. मालकांनी तो माझ्यासमोर टेबलाच्या खालच्या खणातून काढला. एकच फुलस्केप कागद, घडीवर फाटलेला, निळ्या शाईत, खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर लेखकांची आडवी सही. मजकूर सहा ओळींचा. पहिल्या आवृत्तीच्या 1100 प्रती छापण्याचा हक्क आणि त्याचं मानधन 400 रुपये. बस्स. चित्रपटाचं नाव नाही, नाटकाचं नाही, दुसऱ्या आवृत्तीचंसुद्धा नाही. तो कागद हातात धरून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. माझे आठ महिने त्या खणात पडून होते.

वकिलांनी नंतर जे समजावलं ते इथे देतो, कारण हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. कॉपीराइट कायदा 1957 चा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि कोणता हक्क दिला हे त्यात लिहावं लागतं. छापण्याचा हक्क वेगळा, त्यावर चित्रपट करण्याचा वेगळा. लेखक गेल्यावर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे आमच्या कादंबरीचा 31 डिसेंबर 2051 पर्यंत. तोवर तो वारसांचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून मला जायचं होतं ते वारसांच्या घरी, आणि मी जिना चढत होतो भलत्याच ठिकाणचा.

वारस तीन. दोन पुतण्यांनी आनंदाने सह्या दिल्या. लेखकांच्या कन्या मात्र नाही म्हणाल्या. निवृत्त शिक्षिका, रंकाळ्याच्या बाजूला राहतात, आम्ही त्यांना ताई म्हणतो. पण त्यांचं नाही म्हणणं त्या ऑफिसासारखं नव्हतं. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि कारण सांगितलं. शेण पडलं तेव्हा त्या सातवीत होत्या. सकाळी शाळेला जायच्या आधी आईबरोबर उंबरा त्यांनीच धुतला होता. म्हणाल्या, "नववं प्रकरण तुम्ही कसं दाखवणार, तेवढं सांगा. बाबांनी ती बाई भुताळी आहे असं कुठेही लिहिलं नाही. लोकांनी तसं वाचलं."

मी पटकथेतलं ते दृश्य वाचून दाखवलं. मी त्यात गोठ्यातली विधवा उलट्या पायांनी चालताना दाखवली होती. वाचता वाचताच मला कळलं की गावाने जे केलं तेच मीही करतोय. कागदावर 'मला ती दिसली' असं दीर म्हणतो तेव्हा वाचक त्याच्यावर शंका घेऊ शकतो. कॅमेऱ्याने दाखवलं की ते घडलंच. भयकादंबरी पडद्यावर आणताना सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि मला तो एका शिक्षिकेने दाखवला. लेखक हयात असेल आणि पटकथा लिहायला तयार असेल तर फार बरं. 'द एक्झॉर्सिस्ट'ची पटकथा कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी यांनी स्वतः लिहिली आणि तिला ऑस्कर मिळालं. आमच्याकडे लेखक नव्हते. पण ताईंकडे त्यांची स्वतःची प्रत निघाली, समासात पेन्सिलीने खुणा केलेली. नवव्या प्रकरणापाशी तीनच शब्द होते: 'त्याला वाटतं. फक्त.'

मी ते दृश्य चार वेळा लिहिलं. शेवटी कॅमेरा दिराच्या चेहऱ्यावरच ठेवला. गोठ्यातून फक्त दाव्याचा आणि गाईच्या श्वासाचा आवाज येतो. प्रेक्षक तिथेच सर्वांत जास्त घाबरतात, हे मी आता खात्रीने सांगू शकतो.

याच काळात मी 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा नीट वाचला. अघोरी विधी असलेली गोष्ट करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, अनुसूचीत बारा मुद्दे आहेत. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं म्हणून तिच्यावर संशय आणणं हा त्यातला एक गुन्हा आहे. आमच्या लेखकांनी हेच कित्येक वर्षं आधी कादंबरीत मांडलं होतं आणि त्यांना शेण मिळालं. मी अनुसूचीचं ते पान ताईंना नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि पेन मागितला.

सही डिसेंबरात झाली. करार करताना काय लिहावं तेही सांगतो. मुदत लिहा. लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं: मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो रद्द झाल्यासारखा धरला जातो. चित्रपट एका वर्षात कुठे होतो? ओटीटीचं नाव घालून लिहा. जुना 100 चा स्टॅम्प पेपर घेऊन जाऊ नका, ऑक्टोबर 2024 पासून किमान 500 चा लागतो. लेखकाच्या कृतीची मोडतोड करू नका असं सांगण्याचा हक्क कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यावरही राहतो. 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीवरच्या चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 मध्ये लेखिका मन्नू भंडारींच्या बाजूने तो उचलून धरला होता.

बाकी सगळं सुरळीत झालं. शीर्षक नोंदणी एका चकरेत, शूटिंग पन्हाळा आणि गगनबावड्याकडे चोवीस दिवसांत. जनावरं असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या, नंतर धावाधाव होते. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र यूए 16+ मिळालं. अंधश्रद्धेला, विज्ञानविरोधी वृत्तीला खतपाणी घालणारी दृश्यं नकोत असं बोर्डाच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, पण ताईंची परीक्षा त्याहून कडक होती. बाबूराव पेंटरांच्या 1920 च्या 'सैरंध्री' या मूकपटातला कीचकवध बघून लोक किंचाळले होते आणि ते दृश्य कापावं लागलं होतं. पेंटरांच्याच कोल्हापूरच्या मातीत केलेल्या आमच्या चित्रपटाचं एकही दृश्य कापलं गेलं नाही, याचा मला अभिमान आहे.

एक राहिलंच. करारात 'मराठी भाषेतील चित्रपट' एवढंच लिहिलं होतं आणि आता हिंदीसाठी विचारणा आली आहे. भाषा लिहिताना सगळ्या लिहा. रविवारी ताईंकडे जातोय, नवा मसुदा घेऊन. या वेळी आधी त्यांना वाचून दाखवणार आणि मगच टाइप करायला देणार.