पुढे तो, मागे मी: आमची पौषवारी

याची सगळी सुरुवात फ्लेमिंगोंपासून झाली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. नवऱ्याचं आजोळ तिथून जवळच, निफाड तालुक्यात. रात्री मामांकडे मुक्काम, पहाटे पाचला उठून कानटोप्या चढवून पाण्याकडे. परत आलो तेव्हा मामा ओट्यावर चहा पीत बसले होते. म्हणाले, "बगळे बघायला पाचला उठता, मग वारीला काय होतं यायला?"

मी मूळची डोंबिवलीची. वारी म्हणजे आषाढ, पाऊस, पंढरपूर आणि टीव्हीवरचं दिवेघाटाचं दृश्य, एवढंच माझं ज्ञान. हिवाळ्यातही वारी असते हे मला मामांनी सांगितलं. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात निवृत्तीनाथांची यात्रा भरते. नाथांची समाधी ज्येष्ठातली, पण मोठी यात्रा पौषात. नाशिक, नगर, जळगाव, संभाजीनगर अशा सगळ्या बाजूंनी दिंड्या चालत येतात. मामींचं यावर स्वतःचं भाष्य होतं: "पौषात लग्न नाही, वास्तू नाही, कुणी विचारत नाही या महिन्याला. नाथांनी तेवढा घेतला पदरात."

तरी तो हिवाळा मिसळ आणि गड यांतच गेला. आमचा रविवार ठरलेला असायचा: पहाटे बाईक, एखादा डोंगर, उतरल्यावर मिसळ. हरिहरच्या त्या उभ्या, खोबणीच्या पायऱ्यांवर मी मधेच बसून रडलेही होते, आणि उतरताना कातळाकडे तोंड करून, शिडी उतरावी तशी खाली आले. त्यानंतर मात्र आपल्याला काहीही जमतं असा माज आला. म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत मामांनी पुन्हा विचारलं तेव्हा हा लगेच म्हणाला, "नाशिक ते त्र्यंबक, अठ्ठावीस किलोमीटर, तेही दोन दिवसांत आणि सपाट डांबरी रस्त्यानं? हा काय ट्रेक झाला?"

या वाक्याची परतफेड त्याच्या टाचांनी केली. ते पुढे येईलच.

एकादशी २५ तारखेला, शनिवारी होती. आम्ही गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. ऑफिसात सगळ्यांना वाटलं की प्रयागला निघालो, कारण महाकुंभ सुरू होता आणि जो तो तिकडच्या तिकिटांच्या मागे होता. "नाही, त्र्यंबकला," असं सांगितलं की समोरचा म्हणायचा, "अरे, ते तर इथंच आहे!"

मामांची दिंडी मंगळवारी गावातून निघालेली. आम्ही ती सातपूरला गाठली. मामांचा जीव निम्मा दिंडीत, निम्मा बागेत. द्राक्षं काढणीला आलेली, आणि निफाडची थंडी म्हणजे मण्यांना तडे जायची भीती. अशा रात्री बागेत शेकोट्या करून धूर धरतात. ते काम या वेळी मामांच्या भावाकडे होतं आणि मामा दर दोन तासांनी फोन करून विचारत होते, "पेटवली का?"

आमची पाठीवरची चाळीस लिटरची सॅक बघून बायकांच्या घोळक्यात हशा पिकला. "बाई, संसार घेऊन निघाली का?" सॅक सामानाच्या ट्रॅक्टरमध्ये गेली. शेजारच्या आजींचं सगळं सामान एका कापडी पिशवीत मावलं होतं: एक लुगडं, ताट-तांब्या, गोधडी वर बांधलेली. पायात रबरी चपला.

"जोडीनं आलात, लई बरं केलं," असं जो तो म्हणत होता. आणि पुढच्या मिनिटाला आमची जोडी फोडण्यात आली. दिंडीची रचना असते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, विणेकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि मग बाकीच्या आम्ही. नवऱ्याच्या गळ्यात मामांनी टाळ अडकवला आणि त्याला पुढे नेलं. मी मागे. फोटो काढायचे, गप्पा मारायच्या, वाटेत ऊस खायचा, असे जे काही बेत होते ते सातपूरच्या सिग्नललाच संपले. लग्न झाल्यापासून दोघांनी मिळून केलेला हा सगळ्यात लांबचा चालण्याचा बेत, आणि त्यात आम्ही एकमेकांपासून पन्नास-साठ माणसं लांब!

पहिला तासभर मला याचा रागच आला. नंतर आजी भेटल्या. म्हणजे शेजारी होत्याच, पण बोलायला लागल्या. तीस-बत्तीस वर्षं वारी करताहेत. त्यांचे मालक टाळकरी होते, चार वर्षांपूर्वी गेले. मी सहज विचारलं, "मग तुम्ही दोघं वाटेत बोलायचात कधी?"

"बोलायचं काय त्यात? यांचा टाळ ऐकू यायचा ना."

"एवढ्या टाळांत?"

"येतो ओळखू. आमच्या यांच्या हाताला वजन होतं. एक ठोका जड पडायचा. तो ऐकू आला म्हणजे हायेत, चाललेत. नाही आला की मी समजायची, तंबाखू मळताहेत."

मी कान देऊन ऐकायला लागले. दोन टाळ आणि तीस टाळ यांत मला फरक कळत नव्हता तिथं एक टाळ काय ओळखणार! पिंपळगाव बहुला मागे पडलं, महिरावणी आली, एका बाजूनं एसटी आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, आणि माझ्या कानात नुसता पितळेचा एक सलग आवाज.

विसाव्याला विणा बदलताना मी पहिल्यांदा जवळून पाहिली. विणा जमिनीवर ठेवायची नाही. दमलेल्या बाबांपुढे दुसरे बाबा आले, वाकून त्यांच्या पाया पडले, यांनीही त्यांना वाकून नमस्कार केला, आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून अलगद काढून थेट त्यांच्या गळ्यात गेला. या सगळ्यात तार छेडायची थांबली असेल ती एखाद-दोन क्षण. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना याहून जास्त वेळ आणि शब्द लागतात.

पहिला मुक्काम खंबाळ्याच्या अलीकडे एका शेतात पडला. पिठलं, भाकरी, ठेचा. पंगतीत भाकरी वाढणारा मुलगा "माऊली, अर्धी?" असं विचारायचा आणि पूर्ण वाढून पुढे सरकायचा. हरिपाठ झाला, फुगड्या झाल्या. आजींनी माझ्याशी घातलेली फुगडी मी मधेच सोडली, त्यांनी नाही. नवरा दिसला तो पुरुषांच्या राहुटीच्या तोंडाशी, बूट हातात घेऊन, चेहरा उतरलेला. डोंगरावर पाय दर पावलाला वेगळा पडतो. डांबरावर दिवसभर एकाच जागी घासतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याही तळव्याला फोड आला होता. आजींनी बॅटरीच्या उजेडात पाय मांडीवर घेतला. मी सॅनिटायझर काढलं तर म्हणाल्या, "लाव तुझं अत्तर." सुईत पांढरा दोरा ओवला, सुई फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापली. पाणी दोऱ्यानं रात्रभर झिरपत राहतं, कातडी फाटत नाही. "ओढू नको सकाळपर्यंत," एवढं बोलून त्या झोपल्याही.

आता एक गोष्ट जी वारीच्या वर्णनांत सहसा येत नाही. पहाटे चारला, त्या गारठ्यात, शेकडो बायकांनी जायचं कुठं? मुक्कामाजवळ फिरती शौचालयं होती, पण मोजकी, आणि त्यांत पाणी संपलेलं. मग अंधार असेतो शेताच्या बांधापलीकडे जायचं. दोघी साडी धरून उभ्या, एकीच्या हातात तांब्या. टँकरच्या पाण्यानं आंघोळ म्हणजे तर अंगावर काच ओतल्यासारखं. बायका हे हसत हसत निभावतात म्हणून कुणाला त्याची निकड वाटत नसावी. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दशमीला, डाव्या हाताला अंजनेरी दिसायला लागला. तिथं आम्ही किती वेळा चढलोय, किती वेळा या रस्त्यानं बाईकवरून भुर्रकन गेलोय. अंजनेरी अख्खी सकाळ बाजूला राहू शकतो हे चालतानाच कळलं. कितीही चाललं तरी तो तिथंच.

आणि तिथंच, अंजनेरी फाट्याच्या आसपास, मला नवऱ्याचा टाळ ओळखता आला. हाताला वजन वगैरे काही नव्हतं. तो एकटा चुकत होता. सगळे टाळ मिळून पडले की त्यानंतर पाव सेकंदानं एक उशिराचा ठोका. मी आजींना म्हटलं, "तो बघा, आमचा." त्या ऐकत राहिल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "खरंच गं. लंगडतोय."

पुढे पेगलवाडीपर्यंत मी तो लंगडा ठोका धरूनच चालले. मधेच तो थांबला तेव्हा मला नेमकं कळलं की बुटाची लेस सैल करतोय.

ब्रह्मगिरी समोर आला तसा दिंडीचा सूर चढला. "निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई, एकनाथ नामदेव तुकाराम," हे सात नावांचं भजन रस्ताभर आधी इतक्या वेळा झालं होतं, पण आता पहिलं नाव घेताना आवाज वेगळा लागत होता. आजी सांगत होत्या: याच ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, आई-वडील आणि मुलं पळाली, त्यात निवृत्ती हरवले आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरले. तिथं त्यांना उपदेश मिळाला. तोच पुढे त्यांनी ज्ञानदेवांना दिला. म्हणजे ज्ञानोबांचे थोरले भाऊ तेच आणि गुरूही तेच.

ही गोष्ट ऐकून चोवीस तास होत नाहीत तोच माझा नवरा हरवला.

एकादशीचा दिवस. आजींनी पहाटे माझ्या बादलीत चिमूटभर तीळ टाकले. ही षट्तिला एकादशी, तिळाला मान. स्नानाच्या कुशावर्त कुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. समाधीच्या दर्शनाची रांग कुठून सुरू होते तेच कळेना, म्हणून आमच्या दिंडीतल्या बऱ्याच जणांनी कळसाला हात जोडले आणि मीही. नाथांचा रथ निघायच्या वेळी गर्दीचा लोंढा आला आणि तो बाजूला झाल्यावर बघते तर हा नाही. फोन लागेना, एवढ्या माणसांपुढे टॉवरनं मान टाकलेली. मी टाळ ऐकायचा प्रयत्न केला. पण इथं दिंड्याच दिंड्या, हजारो टाळ, आणि चुकणारेही पुष्कळ.

दीड तासानं मामांनी त्याला शोधून काढलं. निवृत्तीनाथ हरवले तेव्हा त्यांना गुरू भेटला, आमचे हरवले तेव्हा त्यांना चहाची टपरी भेटली. स्टँडजवळच्या टपरीवाल्यानं त्याची चाल बघून त्याला बाकावर बसवलं होतं, पायांखाली कोमट मिठाच्या पाण्याची बादली, हातात चहा, गळ्यात टाळ. मला बघून म्हणाला, "तू कुठं हरवली होतीस?"

मी भांडणार होते. पण त्याच्या टाचा बघितल्या आणि शेजारी बसून माझेही पाय त्याच बादलीत घातले. दोन दिवसांत आम्ही पहिल्यांदाच दहा मिनिटं एका जागी बसलो होतो. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले, बादलीचे घेतले नाहीत.

संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन हा पठ्ठ्या मला बाजारात घेऊन गेला. टाळ घ्यायचा होता. मी म्हटलं, आधी चप्पल घे. दोन्ही घेतलं. आजी सोबत होत्या. त्यांनी पाच-सहा जोड हलकेच कडेला कड लावून वाजवले आणि प्रत्येक वेळी आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून थांबल्या. दुकानदार घाई करत होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. ज्याचा नाद सगळ्यात लांबला तो जोड माझ्या हातात ठेवला. "कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव, नाहीतर हिरवा पडतो. आणि याला रोज वाजवायला लाव."

द्वादशीला बारस सोडली आणि एसटीनं घरी आलो. येऊन तासभर झाला नाही तोच मामांचा फोन: बाग शाबूत आहे.

तर हा रोज वाजवतो. रोज म्हणजे रविवारी, मिसळ खाऊन आल्यावर. तिसऱ्या रविवारी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. मी दार उघडताच माफी मागायला सुरुवात केली, आवाज होतो, आम्ही बंद करतो, वगैरे. काकूंनी मला बाजूला सारलं, आत आल्या आणि त्याच्या हातातला टाळ घेऊन म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही हो. तीन आठवडे झाले ऐकतेय, समेवर येतच नाही तुम्ही. आमच्या भजनी मंडळात गुरुवारी या."