कोबोल्ड कुत्रा की सरडा?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा गेम) खेळणाऱ्या कुणालाही विचारा त्यातला कोबोल्ड नावाचा प्राणी कसा दिसतो, तो सांगेल बुटका, खवल्यांचा, सरड्यासारखा, ड्रॅगनच्या लांबच्या नात्यातला. हेच ॲनिमेवाल्याला (जपानी कार्टून बघणाऱ्याला) विचारा, तो म्हणणार कुत्रा. दोन पायांवर चालणारा केसाळ कुत्रा, कधीकधी तर चक्क गोड. आमच्या टेबलवर दोन्ही जमातीचे लोक आहेत त्यामुळे कोबोल्ड आले की आधी यावरच काथ्याकूट, लढाई राहिली बाजूला.

आता यावर जपान्यांनी भाषांतरात घोळ घातला असं म्हणून मोकळं व्हावं तर तसंही नाही. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला (डी अँड डीचं राक्षसांचं पुस्तक) कोबोल्ड खवल्यांचा आणि शिंगवाला होता, पण त्याच गेमची जी सोपी बेसिक आवृत्ती होती, लाल डबेवाली, त्यात सरळ लिहिलं होतं की हे कुत्र्यासारखे दिसणारे छोटे दुष्ट लोक. अंगावर केस नाहीत, खवले आहेत, हेही तिथेच लिहिलेलं. जपानीत १९८५ ला आला तो हा लाल डबा. म्हणजे तिथल्या वाचकाच्या हातात पहिल्यांदा पडला तो कुत्राच, आणि मग चित्रं काढणाऱ्यांनी कुत्रा धरला, खवले सोडले, पुढच्यांनी केस पण लावले. पुढच्याच वर्षी कॉम्पटिक मासिकात लोडोस नावाच्या काल्पनिक बेटावर खेळलेल्या डी अँड डीचे रिप्ले सुरू झाले (रिप्ले म्हणजे टेबलवर जे बोलणं झालं ते जवळजवळ तसंच छापायचं, भारी प्रकार आहे हा), त्यातून कादंबऱ्या, ॲनिमे, आणि १९८९ ला त्यांचा स्वतःचा स्वोर्ड वर्ल्ड नावाचा गेम. तोवर मूळ पुस्तकात काय होतं हे बघायची कुणाला गरजच उरली नाही. पोरं डी अँड डी न खेळता त्याचे राक्षस ओळखायला लागली.

गंमत म्हणजे बदलले अमेरिकन. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत कोबोल्ड पूर्ण सरडा झाला. ऑर्क या दुसऱ्या राक्षसी जमातीचंही तेच, १९७७ च्या चित्रात त्याला डुकराचं नाक होतं, इंग्रजीत तो पुढे हिरवा पैलवान झाला आणि जपानात अजून डुक्करच आहे. तंजावरच्या मराठीत जसे आपल्याकडे मेलेले शब्द अजून जिवंत सापडतात तसलाच प्रकार. त्यामुळे ॲनिमेतला कोबोल्ड चुकीचा म्हणणाऱ्यांना मी सांगतो की बाबा, तो तुझ्यापेक्षा जुना आहे.

जर्मनांचं प्रकरण वेगळं. कोबोल्ड मुळात त्यांच्याच घरातला, घरात नाहीतर खाणीत राहून खोड्या काढणारा आत्मा, कोबाल्ट धातूचं नाव त्याच्यावरूनच पडलं. म्हणून त्यांच्या दास श्वार्त्से आउगे या १९८४ च्या गेममधला कोबोल्ड कुत्रा पण नाही आणि सरडा पण नाही, तो परीलोकातला खोडकरच राहिला. जपान्यांच्या डोक्यात ती जागा रिकामी होती, जे आलं ते बसलं. जर्मनांची जागा आधीच भरलेली.

आणि आपली जागा कुठे भरलेली आहे? राक्षस! डी अँड डीमध्ये राक्षस म्हणजे वाघाचं डोकं, उलटे तळवे, भारी झगा, आणि चित्रकार ट्रॅम्पियरच्या १९७७ च्या चित्रात तर तोंडात पाइप. मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की खलास. हे रामायणात शोधू नका, यातला बाण १९७४ च्या कोल्चॅक नावाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेतून आलाय, तिच्या एका भागात राक्षस होता, समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं रूप घ्यायचा आणि असल्याच बाणाने मरायचा. रूप बदलायचा भाग तेवढा आपल्याला पटतो, मारीच आहेच की. बाण मात्र टीव्हीचाच.

आम्ही गेम मराठीतून चालवतो, पुस्तक इंग्रजी आणि बोलणं मराठी. मी म्हटलं "दारात एक राक्षस उभा आहे" की कुणाच्याही डोळ्यासमोर वाघ येत नाही. बकासुर येतो. एकाने लगेच विचारलं गाडाभर जेवण द्यायचं का याला, दुसरी म्हणाली हिडिंबासारखं कुणाशी लग्न लावून देता येईल का. पुस्तकात तो नरकातला सैतान आहे, त्याला घटोत्कच नावाचा गुणी मुलगा असू शकतो ही शक्यताच नाही तिथे, आणि आमच्या टेबलवर पहिला प्रश्न तोच.

इथे पुस्तक रेटण्यात काही अर्थ नाही असं माझं मत. वाघडोक्या हवाच असेल तर त्याला दुसरं नाव द्या, राक्षस म्हणालात तर मग त्याला भूक द्या, भाऊबहीण द्या, दिलेला शब्द द्या. मी उलटे तळवे काढले, बाण काढला, सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल (मंत्र) त्याला लागत नाहीत ते ठेवलं कारण त्याशिवाय आमचा विझर्ड (जादूगार) त्याला दोन राउंडमध्ये संपवेल. पाइप पण ठेवलाय. तो कुठल्याच पुराणात बसत नाही पण चित्र इतकं झकास आहे की काढवत नाही.