वेक्सफर्डच्या पुलावर फाशी गेलेल्या पूर्वजाच्या शोधात

सासूबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते: आपल्यातला एक जण अठ्ठ्याण्णवच्या बंडात वेक्सफर्डच्या पुलावर फाशी गेला. अठ्ठ्याण्णव म्हणजे 1798, इंग्रजी सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये बंड झालं ते साल; वेक्सफर्ड हे तिथलंच एक शहर. त्याचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक नाही, गावही ठाऊक नाही. सासूबाई जन्मल्या लिव्हरपूलला आणि माहेरचं आडनाव मर्फी, म्हणजे अख्ख्या आयर्लंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारं. या उन्हाळ्यात त्या, मी आणि माझी लेक, अशा तिघी त्या माणसाच्या मागावर आयर्लंडला जाऊन आलो. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत आयरिश आजोळ असलेली मुलं आता वाढताहेत, त्यांच्या आईवडिलांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. फाशी गेलेल्या माणसापासून शोध सुरू करायचा नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून करायचा आणि एकेक पिढी मागे जायचं. 1798 मध्ये पुढाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटले चालले, त्यांची कागदपत्रं आहेत. पण भाला घेऊन निघालेल्या साध्या शेतकऱ्याची नोंद मिळणं फार कठीण. वरून खाली यायला गेलात तर हाती काही लागत नाही आणि मग एखाद्या नामवंताला पूर्वज ठरवायचा मोह होतो. आमच्या आडनावाचे सर्वांत प्रसिद्ध बंडखोर म्हणजे फादर जॉन मर्फी. ते कॅथलिक धर्मगुरू, त्यांचा वंश असायचं कारण नाही. आणि त्यांना फाशी दिली ती कार्लो परगण्यातल्या टलो गावात.

निम्मं काम घरूनच होतं, तेही फुकट. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1864 पासून सुरू झाली. त्या दाखल्यांच्या प्रती सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. 1901 आणि 1911 ची जनगणनाही घराघराच्या तक्त्यासकट पाहायला मिळते. सासूबाईंचे आजोबा आम्हाला 1901 मध्ये शाळकरी मुलगा म्हणून सापडले. विवाहाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं असतात, त्यामुळे एका कागदात दोन पिढ्या हाती येतात. मात्र सगळ्यात जपून टिपायचं ते टाउनलँडचं नाव. टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी म्हणा. असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आयर्लंडभर आहेत. मर्फी हजारो भेटतील, पण अमुक टाउनलँडमधले मर्फी दोन-तीन घरंच असतात. आडनावापेक्षा वाडीच माणसापर्यंत नेते.

1864 च्या मागे चर्चच्या वह्या. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं कॅथलिक पॅरिशच्या (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) नोंदवह्यांची छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांत नावानं शोध घेता येत नाही, पानं उलटावी लागतात. आम्हाला हवी असलेली बाप्तिस्म्याची ओळ एका काळवंडलेल्या पानाच्या तळाशी होती. बोरूच्या शाईचा रंग उतरून तपकिरी झालेला, जेम्सचं लॅटिन ‘याकोबुस’ केलेलं, पुढे आईचं माहेरचं आडनाव आणि शेवटी दोन साक्षीदार. ते साक्षीदार टिपून ठेवा. ते बहुतेक वेळा काका-आत्या, मामा-मावशीच निघतात. नाव ठेवायची जुनी रीतही उपयोगी पडते: थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. ती काही सगळ्या घरांनी पाळली नाही, पण अंदाज बांधायला आधार होतो.

किल्डेअर स्ट्रीटवरच्या या ग्रंथालयात वंशशोधाचा सल्ला विनामूल्य मिळतो. जाण्याआधी तोपर्यंत सापडलेलं सगळं एका पानावर लिहून न्या. बिशप स्ट्रीटवरचं राष्ट्रीय अभिलेखागार वेगळं. तिथे वाचकाचं ओळखपत्र काढावं लागतं, म्हणून फोटो असलेला पुरावा आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. ‘रिबेलियन पेपर्स’ नावाचे 1798 च्या आसपासचे सरकारी कागद इथे आहेत: खबऱ्यांची पत्रं, न्यायाधिकाऱ्यांचे अहवाल, कैद्यांचे अर्ज. आमच्या वाडीचा कुणी मर्फी त्यांत सापडला नाही. तरी जरूर वाचा. घाबरलेल्या सरकारची भाषा तिथे जशीच्या तशी ऐकू येते.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं, त्यात शतकानुशतकांचे कागद गेले. 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात होता. इतरत्र राहिलेल्या नकला गोळा करून 2022 मध्ये एक आभासी दफ्तरखाना उभा केला आहे, तोही फुकट आहे.

डब्लिनहून वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिसकॉर्थी गावी आगगाडीनं जा आणि डाव्या खिडकीशी बसा. ब्रे स्टेशननंतर रूळ अगदी समुद्राच्या कडेनं जातात. एनिसकॉर्थीत 1798 च्या बंडाचं राष्ट्रीय केंद्र आहे, ते आधी पाहा आणि मग व्हिनेगर हिलवर चढा. पवनचक्कीचा पडका बुंधा आणि खाली स्लेनी नदी दिसते. 21 जून 1798 ला जनरल लेकच्या सरकारी फौजेनं याच टेकडीवर तोफा डागल्या आणि वेक्सफर्डचं बंड मोडलं. चढण सोपी आहे. सासूबाई काठी घेऊन सावकाश वर आल्या. वाड्या-वस्त्यांवर जायला मात्र भाड्याची गाडीच हवी.

वेक्सफर्डला पोचल्यावर पुलावर गेलो. तेव्हाचा लाकडी पूल आज नाही. इथे जे सांगायचं ते अवघड आहे, पण लेकीला मी टाळून सांगितलं नाही. 20 जून 1798 ला त्या जुन्या पुलावर बंडखोरांनी सुमारे शंभर कैद्यांना भाल्यांनी मारलं, बहुतेक प्रोटेस्टंट. शहर परत घेतल्यावर सरकारनं त्याच पुलावर बंडाच्या पुढाऱ्यांना फासावर चढवलं. किलॅन गावचा जॉन केली त्यांत होता. 28 जूनला बॅगनल हार्वे आणि कॉर्नेलियस ग्रोगन गेले, आणि हे दोघे स्वतः प्रोटेस्टंट जमीनदार होते. आपला माणूस शोधायला आलेल्यानं या दोन्ही याद्या वाचायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

स्मशानांत जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दगडावर खडू किंवा तारेचा ब्रश चालवू नका. शेवाळासकट फोटो काढा. वेक्सफर्डच्या सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाचा विभाग आहे, तिथे चौकशी करूनच निघा, कारण बऱ्याच स्मशानांतले लेख अभ्यासकांनी उतरवून ठेवले आहेत.

सगळ्यात मागची नोंद आम्हाला मिळाली ती ‘टाइद अॅप्लॉटमेंट बुक्स’मध्ये. 1823 ते 1837 या काळात प्रोटेस्टंट चर्चसाठी द्यायच्या कराची ही वही, अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. तिच्यात जमीन कसणाराचं नाव असतं, घरातल्या बाकीच्यांचं नसतं. आमच्या टाउनलँडखाली पुरुषांच्या नावांमध्ये एक ओळ होती: ‘विधवा मर्फी’. पुढे जमिनीचं थोडंसं क्षेत्रफळ, बस. सासूबाईंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. वयाचा हिशेब घातला तर ही त्या माणसाची बायको असू शकते. तिचा नवरा तापानं गेलेला असू शकतो, हेही तितकंच खरं. म्हणून वंशवृक्षात तिच्यापर्यंतची रेघ आम्ही सलग काढली आणि तिच्यापासून पुलापर्यंतची तुटक. तुम्हीही असंच करा. पुढच्या पिढीतला कुणी कागद शोधायला बसला तर त्याला कळेल कुठून सुरू करायचं.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही, वेगळी सोय लागते. आणि इतक्या जुन्या पूर्वजावरून आयरिश नागरिकत्व मिळत नाही. आजी किंवा आजोबांपैकी कुणी आयर्लंड बेटावर जन्मलं असेल, तर मात्र त्यांचा जन्मदाखला सर्वांत आधी काढून घ्या.